बिनधुराची आग

ब्युरेटमधलं आम्ल अजून जेमतेम उतरलं होतं, तोच फ्लास्कमधला गुलाबी रंग गेला. हळूहळू फिकट होत गेला नाही. एका थेंबासरशी गेला, आणि मागे पातळ ताकासारखा पांढुरका गढूळपणा तेवढा राहिला. विनोदिनीचा हात तोटीवर तसाच थांबला. सोमवारची दुपार होती. मुलांचं प्रॅक्टिकल आटोपलं होतं आणि लॅबमध्ये गॅसचा, ओल्या लाकडी टेबलांचा वास रेंगाळत होता. खाली महाडच्या रस्त्यावर एमआयडीसीची बस वळली, तिच्या भोंग्याने खिडकीची काच थरथरली. रंग इतक्या लवकर जायला नको होता. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते नेहमीचंच: चुकलं. आपलंच काहीतरी चुकलं. द्रावण चुकीचं झालं असेल, बूच सैल राहिलं असेल, वाचताना डोळा वर-खाली झाला असेल. तिने फ्लास्क धुतला, दुसरी बाटली घेतली. पुन्हा तेच. तिसरी घेतली, पुन्हा तेच. मग गवतात ठेवून आणलेली बाटली घेतली, तर तिचा गुलाबी रंग शहाण्या मुलासारखा टिकून राहिला आणि जायचा तेव्हाच गेला. विनोदिनी स्टुलावर बसली. वाटत होतं त्याला आनंद म्हणावं की भीती, हे तिला ठरवता येईना.

शनिवारी ती कुडपणला गेली होती. पोलादपूरहून जीपने वर चढून बनुबाई नावाच्या शेतकरणीच्या डोंगरउतारावर तिने पत्र्याचे डबे पालथे घातले होते, कडा मातीत जराशा रोवून, आणि प्रत्येक डब्याखाली कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची एक उघडी बाटली ठेवली होती. जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड तो सोडा पिऊन घेतो. दुसऱ्या दिवशी बाटल्यांना बुचं मारून खाली आणायच्या, आणि किती सोडा उरला ते आम्ल टाकून पाहायचं. रंग लवकर गेला, म्हणजे सोडा थोडाच उरला. म्हणजे जमिनीने वायू खूप सोडला. निम्मे डबे उभ्या गवतात होते. निम्मे खालच्या अंगाला, जिथलं गवत मोडून ट्रॅक्टर फिरवला होता तिथे, हळदीच्या वाफ्यांबाहेरच्या उघड्या मातीत. गवताची मुळं जिवंत असतात, तीही श्वास सोडतात. तेव्हा वायू गवतात जास्त निघावा, असं तिला वाटलं होतं. उघड्या मातीत सोडायला होतं तरी कोण? आणि तीच माती या बाटल्यांमध्ये गवताच्या वरताण ठरली होती.

दुसऱ्या एखाद्याला हा आकडा बघून हर्ष झाला असता. विनोदिनीला पुण्यातली एक खोली आठवली. लग्नाआधी ती तिथे संशोधन करत होती, आणि तिचे आकडे मार्गदर्शकांच्या अपेक्षेत बसत नव्हते. त्यांनी तिचे कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवले आणि अगदी शांतपणे म्हटलं, "बाई, तुमच्या हाताचा भरवसा नाही." ते रागावले असते तर बरं झालं असतं, रागाशी भांडता येतं. ते तर चष्मा पुसत होते. ती कागद उचलून बाहेर आली, जिन्यावर थोडा वेळ उभी राहिली, आणि मग खाली उतरून गेली ती कायमचीच. पुढच्या वर्षी चिंतामणी वकिलांशी लग्न होऊन महाडला आली, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागली, आणि त्या वाक्याने तिच्याबरोबर संसार केला. आमटीत मीठ घातलं की ते वाक्य मागे उभं राही. मुलगी मैथिली तान्ही असताना तिच्या औषधाचे थेंब मोजायला विनोदिनी नवऱ्याला हाक मारायची, अहो, जरा बघता का, मला नीट दिसत नाही. दिसत होतं. मुलांना मात्र ती वर्षानुवर्षं सांगत आली, तोटी डाव्या हाताने धरा, घाई करू नका, हाताला सवय होऊ द्या, हात चुकत नाही. मुलं ऐकायची आणि त्यांचे हात चुकत नसत. तिला वाटे, आपण पोहायला न येणारे पोहण्याचे मास्तर आहोत.

कुडपणशी तिची गाठ पडली तीही अशीच, न ठरवता. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या शिबिराला मुलांबरोबर गेली होती. मुलं बंधारा घालत होती आणि ही वर पठाराच्या कडेने चालत निघाली होती. कमरेएवढं गवत वाऱ्यावर सरकत होतं, एका बाजूला दरी, पलीकडे धुक्यातून वर आलेले डोंगर. आणि मग एकदम गवत संपलं. पुढे नांगरलेली जमीन होती, ताजी, काळसर, ढेकळांवर ऊन पडलेलं. तिने चप्पल काढून एक पाय गवतात ठेवला, एक नांगरटीत. गवताखालची भुई गार आणि घट्ट लागली. नांगरटीतून मात्र ऊब वर येत होती, आणि एक वास, गोडसर, जुना, धान्याचं पेव उघडल्यावर येतो तसा. तो वास तिला फार आवडला, आणि आवडता आवडताच धास्ती वाटली. इतक्या वर्षांचं हे काय उघडलं गेलंय? कॉलेजच्या वाचनालयात कधीतरी चाळलेला एक लेख तिला आठवला. दूरदेशीची गवताळ मैदानं शेतीसाठी मोडली, तेव्हा गवताच्या मुळांनी युगानुयुगं मातीत साठवलेला कार्बन वायू होऊन हवेत गेला होता. महाडमध्ये हवेचं नाव निघालं की लोक एमआयडीसीच्या धुराड्यांकडे बोट दाखवत, कारण धुराडी दिसतात. या उताराकडे बोट दाखवायला काहीच दिसत नव्हतं. आपल्याकडे हे कुणी मोजलं असेल का, असा प्रश्न तिला पडला, आणि तिने तो लगेच मिटून टाकला. पण मिटवलेला प्रश्न दोन पावसाळे तिच्यात राहिला, आणि एका शनिवारी ती लोहाराकडून तेलाचे डबे कापून घेऊन जीपमध्ये बसली.

बनुबाईने तिला हसून जागा दिली होती. धिप्पाड, मोकळ्या तोंडाची बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. उतार तिच्या नावावर, आणि घरात एकुलता एक मुलगा दीपक. विनोदिनी गुडघे टेकून डबा रोवत होती तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि विचारलं, ह्या डब्यात काय गावायचं? विनोदिनीने सांगितलं, हवा. बनुबाईने चहूकडे पाहिलं; एवढा वारा सुटलाय, हवेला डबं कशाला, असं तिचं म्हणणं पडलं. मग पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की विनोदिनीही हसली. रात्रीला नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं झालं. दीपक जेवताना भरभरून बोलत होता. तो भिवंडीच्या गोदामात आठ वर्षं पोती उचलून परत आला होता. ट्रॅक्टर भाड्याने आणून खालचा उतार मोडला आणि हळद लावली. पहिल्याच वर्षी हळद अशी आली की आसपासच्या वाड्यांतून लोक बघायला आले. आता वैशाखात वरचा सगळा उतार मोडायचा, आणि त्याच्यामागून बाकीची घरंही मोडणार होती. सगळे त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. "मॅडम, सगळं पडीक रान हाय. एकदम फ्री," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की विनोदिनीला मान वर करवेना. या मुलाला आपण काय सांगणार? आणि कशाच्या जोरावर?

त्या सोमवारनंतर ती दर शनिवारी जात राहिली. भाद्रपद सरला, आश्विन आला, पठारावरची सोनकीची फुलं पिवळी होऊन वाळली. दर सोमवारी दुपारी गुलाबी रंग तसाच अवेळी जात राहिला. आकडे एकमेकांना धरून होते, आणि तिला मात्र दर वेळी वाटे की एकच चूक आपण पुन्हा पुन्हा करतो आहोत. चूक इतकी शिस्तीने होते का, हे तिने स्वतःला विचारलं नाही. शेवटी चिंतामणींनीच विषय काढला. सकाळी चहा घेताना, कोर्टाचा काळा कोट खुर्चीवर टाकलेला, ते म्हणाले की साक्षीदार एकच असला की कोर्ट दुसरा मागतं. तू दुसरा आण. "तुझ्या हातावर तुझा विश्वास नाही ना? मग दुसऱ्याच्या हाताने मोजून घे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. इतक्या वर्षांत त्यांना सगळं ठाऊक होतं, औषधाच्या थेंबांसकट, हे तिला त्या क्षणी कळलं. त्यांनी कधी दाखवलं नव्हतं एवढंच. तिला एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं आणि त्याचबरोबर बरंही वाटलं.

पुण्याला देवव्रत म्हणून एक तरुण शास्त्रज्ञ होता. सह्याद्रीच्या पठारांवरच्या गवताचा अभ्यास करायचा. तिने त्याला फोन केला. तो नम्रपणे म्हणाला, डबे आणि सोडा ही पद्धत आता कुणी वापरत नाही, मॅडम, तीत फार फरक पडतो. पण उतार बघायला त्याला आवडलं असतं. दिवाळीनंतर यंत्र घेऊन येतो, म्हणाला. विनोदिनीने फोन ठेवला. आतापर्यंत ती नुसती शंका होती, शंकेबरोबर जगता येतं. आता उत्तर येणार होतं. यंत्राने नाही म्हटलं तर पुण्याच्या त्या खोलीत ती दुसऱ्यांदा उभी राहणार होती, या वेळी पांढऱ्या केसांनी. आणि वैशाखात ट्रॅक्टर वर चढेल तेव्हा तिला त्याच्या वाटेतून गुपचूप बाजूला व्हावं लागणार होतं.

देवव्रत आला तो दिवस लख्ख होता. सुटकेसएवढं यंत्र, त्याला जोडलेली नळी, नळीच्या टोकाला घंटेसारखं एक टोपण. त्याने ते आधी गवतात ठेवलं. यंत्र मधमाशीसारखं गुणगुणू लागलं, आकडे चढले आणि एका जागी स्थिरावले. तो मान हलवून म्हणाला, बरोबर, हे असंच असायला हवं. मग सगळे खाली नांगरटीत आले. बनुबाई कमरेवर हात ठेवून, दीपक जरा लांब. विनोदिनीने आदल्या दिवशीच शेजारी आपले डबे लावून ठेवले होते, आणि त्या चकाकणाऱ्या यंत्राजवळ ते तिला फार केविलवाणे वाटत होते. देवव्रतने टोपण ठेवलं, खिडकीतला आकडा वाचला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने टोपण उचलून हातभर पलीकडे ठेवलं. पुन्हा आठी. त्याने नळी उपसून फुंकर मारली, बॅटरीची तार ओढून पाहिली, यंत्र बंद करून सुरू केलं. विनोदिनी एकटक बघत होती. काय बघतोय आपण, ते तिला आधी उमगलं नाही, आणि मग उमगलं. नको तो आकडा आल्यावर या मुलाने यंत्राकडे संशयाने पाहिलं, नळीकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं. स्वतःच्या हातांकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. तसं पाहायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुण्याच्या त्या जिन्यावर उभ्या असलेल्या मुलीला आता जाऊन सांगावं असं तिला वाटलं, अगं, नळी तपास. आधी नळी तपास. कदाचित त्या दिवशी ते सरच चुकले असतील, कदाचित तीच चुकली असेल. पण ती चूक असलीच तर एका दुपारची होती. आयुष्यभराची तिची तिनेच केली होती.

"मॅडम, तुमचे डबे चुकताहेत," देवव्रत तिच्या आकड्यांच्या वहीतून मान वर करून म्हणाला. तो पुढे बोलतच होता. "कमी दाखवताहेत. वायू एवढ्या जोरात निघत असला की सोड्याला तो सगळा धरता येत नाही. खरा आकडा तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे." मग जरा थांबून, कान खाजवत तो म्हणाला, "फोनवर मी उगाच बोललो. इतकं नेटकं काम मी डब्यांनी झालेलं पाहिलं नव्हतं."

विनोदिनी तिथेच ढेकळांवर बसली. बनुबाईला वाटलं चक्कर आली. ती पाणी आणायला वळली. पण विनोदिनी हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. समोर दरीत सावित्रीच्या खोऱ्यावर ऊन पडलं होतं, वाऱ्याला गवताचा वास होता, आणि सगळं इतकं स्पष्ट दिसत होतं की जणू कुणी चष्म्याचा नंबर बदलून दिला. तिने सरांचा चेहरा आठवून पाहिला. चष्मा आठवला, पुसायचा रुमाल आठवला. चेहरा काही केल्या येईना.

दीपक पुढे आला. हवा जाते तर जाऊ दे, तिचं मला काय, असं त्याने विचारलं, आणि ते विचारणं रास्त होतं. विनोदिनी उठून उभी राहिली, साडीची माती झटकली. बोलताना तिच्या वाक्यांना नेहमी एक 'बहुधा' लटकलेला असे. आज तो आला नाही, आणि तो आला नाही हेही तिच्या उशिरा ध्यानात आलं. "दीपक, ही जमीन जळतेय. धूर दिसत नाही एवढंच," ती म्हणाली. "गवताने किती पिढ्या मातीत साठवून ठेवलं होतं, ते जळतंय. तुझी पहिली हळद त्या जाळावर पिकली. म्हणून ती तशी आली."

दीपकने शेजारच्या हळदीच्या वाफ्यांकडे पाहिलं. या वर्षीची हळद गेल्या वर्षीएवढी नव्हती, हे त्याला दिसत होतं आणि त्याने ते कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. मग तो म्हणाला, "मंग मी काय करू? परत गोदामात जाऊ?" त्यात राग होता, आणि रागाखाली दुसरंही काही होतं. विनोदिनीने सांगितलं, नाही, मुळीच नाही. मोडलेला तुकडा ठेव, त्यात हळदच कर, पण तिला शेणखत, पालापाचोळा खाऊ घाल, उघडी ठेवू नकोस, दरसाल उलथीपालथी करू नकोस. वरचा उतार मात्र मोडू नकोस. ते गवत रिकामं बसलेलं नाही, ते काम करतंय. गेलेलं परत येईल, पण तुझ्या-माझ्या हयातीत नाही. दीपक तोडून बोलला, यंत्र पुण्याचं, डबे तुमचे, आमी नुसतं ऐकायचं, आणि तरातरा घराकडे चालता झाला. बनुबाई पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, "जाऊ द्या त्याला, बाई. त्यो ऐकतो, पन आदी भांडतो."

पुढच्या आठवड्यात तो कॉलेजात आला. विनोदिनी फळा पुसत होती. दारात पाहते तर दीपक, हातात पिशवी, पिशवीत बाटल्या. तिने बनुबाईकडे ठेवलेल्या सोड्याच्या पाण्याने भरून त्याने त्या डब्यांखाली स्वतः लावल्या होत्या. "ह्या मी लावल्या, तुमी नाय. आता मला दाखवा," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं ती दुखावेल. तिला तर त्याला मिठी मारावीशी वाटली. तिने ब्युरेट भरून दिलं, डाव्या हाताने तोटी कशी धरायची ते सांगितलं आणि मागे सरली, खिडकीपर्यंत. गोदामात पोती उचललेले ते रुंद हात काचेवर फार हलके पडले. गवतातली बाटली झाली. मग नांगरटीतली. गुलाबी रंग गेला तेव्हा दीपकने झटकन तोटी बंद केली आणि तिच्याकडे पाहिलं, जसं कुणी हातातून काही निसटल्यावर पाहतं. त्याने दुसरी बाटली मागितली. मग तिसरी, चौथी. खाली बस वळली, काच थरथरली. शेवटची बाटली झाल्यावर तो स्टुलावर बसला, हात मांड्यांवर ठेवून, आणि म्हणाला, "आमच्याच खालनं जातंय हे सगळं."

कुडपणच्या देवळात उतारांबाबत बैठक झाली तेव्हा विनोदिनी बायकांत बसली होती. देवव्रतने पुण्याहून पाठवलेला तक्ता तिने बरोबर आणला होता, तो तिच्या पिशवीतून निघालाच नाही. दीपकच बोलला. मी सोता मोजलंय, एवढं त्याने दोनदा सांगितलं, आणि आपण भिवंडीहून कशासाठी आलो, पहिल्या हळदीचं काय झालं, दुसरीचं काय, हे सगळं. एक म्हातारा बोलला, काही तरुण हसले, वाद बराच चालला. कुणीतरी म्हटलं, बाईंना विचारा. विनोदिनी उभी राहिली आणि विचारलेल्याला उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दिलं. जे तिला ठाऊक नव्हतं त्याला, ठाऊक नाही, म्हणाली, आणि ते म्हणतानाही तिचा आवाज खाली गेला नाही. एका घराने ऐकलं नाही. त्यांनी आपला तुकडा मोडायचा तो मोडलाच. बाकीच्या घरांनी वरचे उतार गवताखाली ठेवायचे ठरवलं. देवळाबाहेर आल्यावर चिंतामणी कठड्याला टेकून उभे दिसले. आत आले नव्हते, पण सगळं ऐकत होते. त्यांनी नुसती वकिली मान लववली, समोरच्या वकिलाला कोर्टात लववतात तशी.

मार्गशीर्षात गवत कापायला आलं. सकाळच्या गारठ्यात सगळ्या घरांच्या बाया विळे घेऊन वर गेल्या होत्या. उतार सोनेरी झाला होता आणि विळ्यांचा सरसर आवाज दरीपर्यंत जात होता. विनोदिनीला कापणं जमेना, पण तिने हट्ट धरला, मला भारा द्या. बाया हसल्या. बनुबाईने एक बेताचा भारा बांधून दिला. विनोदिनी म्हणाली, एवढासा नको, सगळ्यांसारखा द्या. मग चौघींनी मिळून तो तिच्या डोक्यावर चढवला. पहिल्या पावलाला मान लचकते की काय असं वाटलं, दुसऱ्याला गुडघे थरथरले, आणि मग भार कण्यातून सरळ खाली उतरला आणि जमिनीला मिळाला. गवताच्या काड्या कपाळावर टोचत होत्या, नाकातोंडात उन्हाचा वास भरला होता, समोरचं नुसतं वाटेपुरतं दिसत होतं. मागून बनुबाई काहीतरी ओरडली, बायांनी हसून साथ दिली. खाली जीपजवळ चिंतामणी उभे होते. बायकोला असं येताना पाहून ते घाईघाईने दोन्ही हात पुढे करून वाट चढून आले. अरुंद वाट, मध्ये ते.

"बाजूला व्हा," विनोदिनी म्हणाली, आणि न थांबता, भाऱ्यासकट, त्यांच्या अंगाला घासत खाली उतरत गेली.